घरच्या संगणकाचें जलशीतन

तीन वर्षांपूर्वीं, मे महिन्यांतल्या एका दुपारीं, माझा नातू मला म्हणाला, "आजोबा, माझ्या कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग बसवावं म्हणतों." हे शब्द कानीं पडतांच माझ्या मनांत दोन विचार आले. पहिला माठाचा. जालन्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि माठ, वाळ्याचे पडदे व खिडकींतला कूलर यांच्या आधारानें आम्ही दिवस काढतों; त्यामुळें पाणी आणि गारवा यांची सांगड आमच्या मनांत लहानपणापासून बसलेली आहे. दुसरा विचार पाण्याच्या तुटवड्याचा. १९७२ चा दुष्काळ मीं शाळकरी वयांत पाहिला आणि २०१२-१३ च्या टंचाईंत टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभा राहिलों. असल्या मुलखांत माणसांच्या आधीं यंत्राला पाणी पाजावयाचें काय, असें मनांत येणें साहजिकच होतें.

हे दोन्हीं विचार चुकीचे होते, हें मला पुढें कळलें. पण तें कळण्याची किंमत मोजावी लागली. ती आपणांपैकीं कोणाला मोजावी लागूं नये, एवढ्यासाठीं आजचें हें भाषण. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. पस्तीस वर्षें शाळेंत विज्ञान व गणित शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां जें सांगेन तें शालेय विज्ञानाच्या आधारानेंच सांगेन.

प्रथम अडचण काय होती ती सांगतों. माझा नातू घरबांधणीच्या नकाशांवरून भावी घराचीं हुबेहूब चित्रें संगणकावर तयार करून देतो. एकेक काम पुरें व्हावयास यंत्राला कधीं कधीं रात्रभर अखंड राबावें लागतें. हिवाळ्यांत हें सुरळीत चाले. परंतु उन्हाळा लागला कीं यंत्र आधीं मंदावे, आणि मग मध्यरात्रीं आपोआप बंद पडे. सकाळीं गिऱ्हाईक दारांत उभें, आणि चित्र अर्धवट! नुकत्याच धंद्यास लागलेल्या मुलाचा शब्द दोनदां खोटा ठरला, तर तिसऱ्यांदा त्याच्याकडे काम घेऊन कोण येईल?

यंत्र बंद कां पडतें, याचें उत्तर सोपें आहे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सारी अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. साध्या घरगुती प्रोसेसरवर बहुधा ६५ वॅट हा आंकडा लिहिलेला असतो. पण इंटेलच्या कोअर आय-नाइन १४९००के यासारख्या जबर प्रोसेसरला भर कामांत २५३ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. जुना १०० वॅटचा दिवा पेटता असतांना हाताला किती पोळत असे, हें आपणांस आठवत असेल. तशा अडीच दिव्यांची उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेंतून बाहेर पडूं लागली, तर ती तेथून तांतडीनें हलवावीच लागते. न हलवली तर प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर काम थांबवून आपला जीव वांचवतो.

मग पाणी येथें काय करतें? श्रोतेहो, आजच्या भाषणांतील मुद्द्याची गोष्ट हीच आहे. माठांतलें पाणी गार होतें, कारण त्याचा थोडा अंश मडक्याच्या छिद्रांतून झिरपून वाफ होऊन उडून जातो, आणि जातांना उरलेल्या पाण्यांतली उष्णता घेऊन जातो. म्हणूनच माठांतलें पाणी भोंवतालच्या हवेपेक्षांही थंड असतें, आणि म्हणूनच माठ रोज भरावा लागतो. संगणकाच्या जलशीतनांत यांतलें कांहीं घडत नाहीं. तेथें पाणी बंद नळींत कोंडलेलें असतें. तें तापल्या जागेवरून उष्णता उचलतें, दुसऱ्या टोंकाला नेऊन हवेच्या स्वाधीन करतें, आणि परत फिरतें. पाणी येथें गारवा उत्पन्न करणारें नव्हे. तें केवळ उष्णतेचें ओझें वाहणारें हमाल आहे.

हमाल मात्र मोठा कसदार. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतलें, तर एक अंश तापतांना पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजार पट उष्णता पोटांत घेतें. आपल्या शेतकऱ्यांना हें तत्त्व नवें नाहीं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या अंगाभोंवतीं पाणी खेळवलेलें त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. जालन्याच्या पोलाद-कारखान्यांत लोखंडाचें भंगार ज्या विद्युत्‌भट्टींत वितळवतात, तिच्याभोंवतालचें तांब्याचें वेटोळें पोकळ असतें, आणि त्यांतून सतत पाणी फिरवतात. तें थांबलें तर वेटोळेंच वितळून जाईल. मोठ्या संगणकांनाही हा उपाय जुनाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकांत सुमारें २७०० व्हॉल्व्ह होते. त्याच दशकांत अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीचे मोठे संगणक पाण्यानें थंड राखले जाऊं लागले. आणि पुण्याच्या आयसर संस्थेंत सी-डॅकनें २०१९ सालीं उभारलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकांतही तापणाऱ्या भागापर्यंत थेट द्रव नेऊन उष्णता काढून घेतात. घरच्या संगणकांत तेंच तत्त्व लहान प्रमाणावर असतें.

आतां सुट्या भागांकडे वळूं. प्रोसेसरला चिकटून बसतो तो वॉटर ब्लॉक, म्हणजे आंत बारीक खांचा असलेली तांब्याची पोकळ ठोकळी. पाणी ढकलतो तो पंप. जादा पाणी सांठवते आणि हवेचे बुडबुडे वेगळे करते ती टांकी. उष्णता हवेंत सोडतो तो रेडिएटर, आणि त्याला वारा घालतात ते पंखे. या सर्वांना जोडतात त्या नळ्या व जोड. बाजारांत गेलेला ग्राहक बहुधा पहिल्या भागापासून, म्हणजे चकचकीत ठोकळीपासून, निवड सुरू करतो. माझा अनुभव असा कीं, निवड शेवटच्या टोंकापासून करीत यावी. हमाल कितीही दणकट असला, तरी ओझें टाकावयास जागा नसेल तर तो काय करणार? म्हणून आधीं खोली, मग रेडिएटर, मग पंखे, आणि सर्वांत शेवटीं ठोकळी.

खोलीचा नियम कडक आहे. नळींतलें पाणी खोलींतल्या हवेपेक्षां थंड कधींच होणार नाहीं. खोलींत ३८ अंश असतील, तर फिरतें पाणी ४५ ते ५० च्या घरांत राहणार, असें धरून चालावें. सामान्यतः असले पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठीं बनवलेले असतात. म्हणजे जालन्याच्या मे महिन्यांत आपल्या हातीं दहा-पंधरा अंशांचीच मोकळीक उरते. थंड देशांतील लेखकांनीं दिलेले आंकडे आपणांस जसेच्या तसे घेतां येत नाहींत. खोलींत कूलर असेल तर उत्तमच; मात्र त्याचा ओला झोत सरळ यंत्रावर सोडूं नये, आणि दमट हवा बाहेर जावयास एक खिडकी उघडी ठेवावी.

रेडिएटरसाठीं एक ठोकताळा रूढ आहे: दर १०० वॅट उष्णतेला १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढी जागा. आमच्याकडच्या हवेंत मी यांत आणखी एका पंख्याची भर घालावी असें सांगेन. म्हणजे सव्वाशे वॅटच्या प्रोसेसरला २४० मिलिमीटरचा, म्हणजे दोन पंख्यांचा, रेडिएटर पुरता खरा. पण उन्हाळ्यांत रात्रभर काम असेल तर ३६० चा घ्यावा. ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर ठेवावयाचें असेल, तर दोघांच्या वॅटांची बेरीज करावी. विकत घेण्यापूर्वीं संगणकाची पेटी फूटपट्टीनें मोजावी. २४० चा म्हणून जो रेडिएटर मिळतो, तो दोन्हीं टोंकांसकट सुमारें २७५ मिलिमीटर लांब असतो. त्याची जाडी सुमारें २७ आणि पंख्याची २५, मिळून ५२ मिलिमीटर जागा हवी. हें न मोजल्यामुळें पेटीच बदलावी लागल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

रेडिएटरच्या पात्या किती दाट आहेत, तेंही पाहावें. कांहींत इंचाला दहा-बारा पात्या असतात, तर कांहींत पंचवीस-तीस. दाट पात्यांना वाऱ्याचा जोर अधिक लागतो, आणि त्यांत धूळ लौकर अडकते. आमच्याकडे उन्हाळ्यांतली धूळ आणि कापसाच्या दिवसांतले तंतू लक्षांत घेतां विरळ पात्या बऱ्या. पंखे मात्र दाबानें हवा ढकलणारे घ्यावे, कारण मोकळ्या जागेंत भरपूर वारा देणारा पंखा पात्यांपुढें बसवला कीं दमतो. पेटीच्या जाळ्या महिन्यांतून एकदां मऊ ब्रशानें साफ कराव्या. हें बिनपैशाचें काम आहे, आणि म्हणूनच बहुधा राहून जातें.

यानंतर धातूचा प्रश्न. येथें मला माझी स्वतःची चूक कबूल करावयाची आहे. नातवानें पैसे वांचवावे म्हणून एका दुकानांतून जुने सुटे भाग आणले. ठोकळी तांब्याची होती, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. पाणी कोणतें घालावें, असें त्यानें मला विचारलें. मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "घरचें गाळलेलें पाणी घाल. आपण पितों तें यंत्राला चालणार नाहीं काय?" चार महिने सारें ठीक चाललें. पांचव्या महिन्यांत पाणी गढूळ झालें, ठोकळीच्या खांचांत पांढुरका चिखल बसला, आणि एके रात्रीं पंप अडकला. सकाळीं द्यावयाचें काम गेलें, तें गिऱ्हाईकही गेलें. रेडिएटर उघडून पाहिला तों आंतून खड्डे पडलेले.

श्रोतेहो, ज्या माणसानें पस्तीस वर्षें सातवी-आठवीच्या मुलांना लिंबांत तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोंचून विद्युत्‌घट करून दाखवला, त्याला स्वतःच्या घरांत तोच घट तयार होत असल्याचें कळलें नाहीं! दोन भिन्न धातू एकमेकांना जोडलेले असले आणि क्षारयुक्त पाण्यांत बुडाले, कीं त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजूं लागतो. तांबें आणि ॲल्युमिनियम या जोडींत झिजणारा धातू ॲल्युमिनियम. रेडिएटर झिजला, आणि त्याचा गाळ ठोकळींत जाऊन बसला. दोष ना दुकानाचा, ना मुलाचा. फळ्यावरचें ज्ञान मीं फळ्यावरच ठेवलें होतें, हा दोष माझा.

म्हणून नियम असा: सुटे भाग स्वतः जोडावयाचे असतील तर ठोकळी, रेडिएटर आणि जोड हे तांबें, पितळ किंवा त्यांवर निकेलचा मुलामा दिलेले, एवढेच घ्यावे. भांड्याला कल्हई करतात तसाच हा मुलामा असतो. त्यामुळें तांबें काळवंडत नाहीं. "रेडिएटर आंतून कोणत्या धातूचा आहे?" हा प्रश्न दुकानदारास स्पष्ट विचारावा, आणि उत्तर छापील दाखव म्हणावें. बाहेरच्या काळ्या रंगावरून धातू ओळखतां येत नाहीं.

पाण्याविषयीं आतां निराळें सांगावयास नकोच. दख्खनच्या काळ्या खडकांतून येणारें आपलें बोअरचें पाणी बहुधा जड असतें. न्हाणीघरांतल्या तांब्याच्या बंबाला आंतून जो पांढरा थर चढतो, तो याच क्षारांचा. ठोकळींतल्या खांचा केसाएवढ्या बारीक. त्या बुजावयास कितीसा वेळ? घरच्या गाळणीयंत्रांतल्या पाण्यांतही कांहीं क्षार उरतातच. जलशीतनासाठीं तयार मिळणारा द्रव घ्यावा, किंवा ऊर्ध्वपातित पाण्यांत गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्य कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. 'बॅटरीचें पाणी' म्हणून सुटें मिळतें तें डोळे मिटून घेऊं नये. त्या नांवाखालीं कधीं तेजाब मिसळलेला द्रवही हातीं पडतो. लेबल वाचावें. आणखी एक गैरसमज दूर करतों. शुद्ध पाण्यांतून वीज फारशी वाहत नाहीं, हें खरें. परंतु धातूंतून फिरत राहिलेलें पाणी शुद्ध राहत नाहीं. तेव्हां गळती ही धोक्याचीच समजावी.

पंपाबद्दल थोडक्यांत सांगतों. फार जोरदार पंपाची हांव धरूं नये. हिशेब करून पाहा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत आहे आणि २०० वॅट उष्णता उचलत आहे, तर एका फेरींत तें पाणी जेमतेम तीन अंश तापतें. प्रवाह दुप्पट केला तर दीड अंश. म्हणजे प्रवाह बेताचा असला कीं पुरे. त्यापुढें पैसे पंपावर घालण्यापेक्षां रेडिएटरवर घालावे. याच हिशेबावरून दिसेल कीं, ठोकळीनंतर रेडिएटर कीं रेडिएटरनंतर ठोकळी, या वादांत फारसा अर्थ नाहीं. एकच क्रम पाळावा: टांकी पंपाच्या आधीं आणि त्याच्याहून उंच असावी, म्हणजे पंप कोरडा पडणार नाहीं.

नळ्यांत काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या दिसावयास साध्या, पण वागावयास भल्या. पारदर्शक मऊ नळ्यांतलें प्लास्टिक उष्णतेनें कालांतरानें पाझरून पाणी गढूळ करतें, आणि पीईटीजी नांवाच्या कडक नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडूं लागतात. आमच्या उन्हाळ्यांत त्यांचा मोह नको. जोडांचे आटे बहुधा पाव इंची असतात, आणि त्यांत रबराचें कडें असतें. तेथें नळकाम करणाऱ्यांप्रमाणें टेफ्लॉनची पट्टी गुंडाळूं नये; हातानें बेताचें आवळावें. जोडून झाल्यावर संगणक लगेच सुरू करूं नये. प्रत्येक जोडाखालीं कोरडा टीपकागद ठेवावा, एकट्या पंपालाच वीज देऊन पाणी चोवीस तास फिरवावें, आणि कागद ओला झाला काय तें पाहावें. सायकलच्या दुकानांत ट्यूब पाण्यांत बुडवून पाहतात, त्याच सावधगिरीचा हा प्रकार.

हें सारें ऐकून "इतका खटाटोप कशाला?" असें कोणी म्हणेल. तें म्हणणें पुष्कळ अंशीं बरोबर आहे. घरच्या माणसापुढें तीन मार्ग असतात. पत्रें, हिशेब, मुलांचा अभ्यास, किरकोळ खेळ, एवढ्यापुरता ६५ वॅटचा संगणक असेल, तर चांगला हवेचा कूलर पुरतो. त्यांत एक पंखा सोडून बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. यंत्र तासन्‌तास भर जोरांत चालावयाचें असेल, तर कारखान्यांतूनच भरून, बंद करून आलेला संच घ्यावा. याच्या रेडिएटरांत बहुधा ॲल्युमिनियम आणि ठोकळींत तांबें असतें. पण आंतला द्रव गंजरोधक असतो व बाहेरची हवा आंत येत नाहीं, म्हणून पांच-सहा वर्षें तो निभावतो. तो घेतांना हमीचीं वर्षें आणि आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटला बसणारी चौकट या दोन गोष्टी पाहाव्या. बसवतांना पंप हा साऱ्या संचांतला सर्वांत उंच भाग होऊं देऊं नये. बुडबुडे उंच जागीं गोळा होतात, आणि पंपांत हवा शिरली कीं तो कुरकुरतो. तिसरा मार्ग, स्वतः भाग जोडण्याचा, हा ज्याला त्या कामाची हौस, सवड आणि वर्ष-दोन वर्षांनीं पाणी बदलण्याची शिस्त आहे, त्यानेंच धरावा.

आमचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. नातवानें दुसऱ्या खेपेस तीन पंख्यांचा बंद संच घेतला. पण त्याआधीं मीं त्याला एक काम करावयास लावलें. त्याचें टेबल माडीवर पत्र्याच्या छपराखालीं होतें. तें आम्ही दोघांनीं उचलून खालच्या उत्तरेकडच्या खोलींत आणलें. मग भिंतीवर एक साधा उष्णतामापक टांगला, आणि आठवडाभर वरच्या व खालच्या खोलींतले आंकडे वहींत टिपले. दुपारच्या वेळीं दोहोंत सहा-सात अंशांचा फरक निघाला. हे सहा-सात अंश कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत. त्यानंतरच्या दोन्हीं उन्हाळ्यांत त्याचें यंत्र मध्यरात्रीं एकदांही थांबलें नाहीं.

आणि पाण्याचें म्हणाल, तर त्या सबंध संचांत एका लोट्याहून कमी द्रव आहे, आणि तो बदलावाही लागत नाहीं. हंड्याला त्याचा कांहीं उपद्रव नाहीं. तेव्हां आपल्या घरीं हा विषय निघेल, त्या वेळीं दुकानांत जाण्यापूर्वीं यंत्राची खोली एकदां नीट पाहा, आणि तेथें भर दुपारीं उष्णतामापक टांगा. तो जो आंकडा दाखवील, त्याच्यापासूनच हिशेब सुरू करावयाचा आहे.